बारा कप्प्यांचा पट्टा आणि तापीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. दचकू नका. मास्तरांच्या हातातली पट्टी ही माझी लांबची बहीण. तिचा स्वभाव वेगळा. मी विजेचा पट्टा. मला बारा कप्पे, प्रत्येक कप्प्यात मुठीएवढी एक बॅटरी, बॅटरीच्या पोटात शिशाचे पातळ पत्रे आणि तेजाब, डोक्यावर फिरकीचं बूच. नंदुरबारच्या एका घरात मी खुंटीवर लटकलेला असतो. वाऱ्याने हललो की माझ्या आत पाणी वाजतं. घरातले म्हणतात, पाल असेल. मी म्हणू देतो. पालीची बदनामी होते खरी, पण भुताची होण्यापेक्षा ती बरी.

माझा जन्म परदेशात, लढाईच्या दिवसांत झाला. कोणत्या देशात ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, पण तेजाबाने ती अक्षरं खाऊन टाकली. लढाई संपल्यावर सैन्याचं उरलंसुरलं सामान मुंबईत लिलावात निघालं. त्यात विमानाच्या पंखात बसवायचा एक छोटा सिनेमाचा कॅमेरा होता, आणि त्याला चालवणाऱ्या आम्ही बारा बॅटऱ्या एका लोखंडी पेटीत. विमानाची बंदूक सुटली की हा कॅमेरा आपोआप सुरू व्हायचा आणि समोर जे मरेल त्याचं चित्र काढायचा. ही गोष्ट लोटनने नंदुरबारात कधी कुणाला सांगितली नाही. माणूस शहाणा होता.

लोटन म्हणजे माझा मालक, त्या लिलावातून आम्हाला विकत आणणारा. तंबूतला सिनेमा घेऊन तो जत्राजत्रांतून हिंडायचा. आज धानोरा, उद्या रनाळे, परवा थेट अक्कलकुवा. पेटी उचलून फिरता येईना, तेव्हा त्याने सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून एक फाटकं खोगीर आणलं आणि त्याच्या कातड्यात आमचे बारा कप्पे शिवून घेतले. म्हणजे मी अर्धा विमानाचा आणि अर्धा घोड्याचा. चाललो मात्र जन्मभर लोटनच्या पायांनी.

मला बांधणं सोपं नव्हतं. लोटन जरा वाकला की माझ्या बुचांतून तेजाब झिरपायचं. त्याच्या एकूण एक सदऱ्यांची कमरेपाशी चाळणी झाली होती. त्यामुळे मी अंगावर असेपर्यंत तो कुणाच्या पाया पडत नसे. जत्रेत भेटलेले वडीलधारे लोक आशीर्वादाचा हात वर करून उभे राहायचे आणि हा खांबासारखा ताठ. "चार चित्रं काढता काय उनं, मस्ती चढनी," असं त्याच्या माघारी बोललं जाई. ती मस्ती नव्हती मित्रांनो, ते तेजाब होतं. पण असा खुलासा करत किती जणांकडे जाणार?

काम संपलं की लोटन मला स्टेशनजवळ शांतीलालच्या दुकानात नेई. शांतीलाल त्याचा लहानपणचा दोस्त, धंदा बॅटऱ्या भरून देण्याचा. तिथे ट्रकच्या धिप्पाड बॅटऱ्यांच्या पंगतीत मी धाकट्या पाहुण्यासारखा बसे. वीज पोटात शिरू लागली की आतून बुडबुडे येत आणि आम्ही सगळे मंद आवाजात खदखदत असू. शांतीलाल काचेची पिचकारी घेऊन एकेकाच्या पोटातलं तेजाब ओढून पाही, पिचकारीतला तरंगता खुंटा वर आला की म्हणे, "हाई जेवनं." त्याचे नियम साधे होते. हळूहळू भरावं. पार रिकामं होईपर्यंत राबवू नये. पाणी आटलं तर बॅटरीचंच पाणी घालावं, दुसरं थेंबभर नको. नियम सांगताना तो कीर्तनकारासारखा बोट वर करी. त्या बोटाची कातडी तेजाबाने सोललेली असल्यामुळे ऐकणाऱ्यावर वजन पडे.

लोटनची युक्ती अशी होती. सारंगखेड्याला दत्ताच्या जत्रेत तो मला बांधून हिंडे आणि घोडे, पाळणे, मिठाया, लोकांचे चेहरे टिपत जाई. मुंबईहून फिल्म धुऊन आली की पुढच्या वर्षी त्याच जत्रेत, तंबूत, मोठ्या सिनेमाच्या आधी ती दाखवी. लोक स्वतःलाच पाहायला गर्दी करत. "तो देख मी! मी कसा पागल दिखी ऱ्हायनू!" असा गोंधळ चाले. माझं कौतुकही होई. सातपुड्यात होळीला कमरेभोवती घुंगरं आणि वाळके दुधी बांधून नाचणारा बावा असतो ना, तसा लोटन दिसे, आणि पोरं माझ्याकडे बोट दाखवत मागे धावत.

मग सत्तावन्न सालची जत्रा आली.

पडद्यावर आदल्या वर्षीची गर्दी चालली होती. बांगड्यांच्या दुकानापाशी एक बाई उभी होती. तिने कासारणीपुढे हात केला, कासारणीने तो धरला, आणि बाईने मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. तेवढ्यात फिल्मचा तुकडा संपला. तंबूत पुढच्या सतरंजीवर रनाळ्याचे हिंमतराव बसले होते, मोठे शेतकरी, पंचक्रोशीत शब्दाला मान. ते ताडकन उठले आणि ओरडले, "रुखमे! ओ रुखमे, आठे देख!"

रुखमाबाई त्यांची बायको. श्रावणात गेली होती.

तंबूत बाहेरचे घोडे ऐकू येऊ लागले. मग कुणीतरी हळूच म्हणालं, तो मागे दिसला तो जिलबीवालाही गेला की. आणि ती पाळण्यातली म्हातारी. लोक एकमेकांकडे पाहू लागले, आणि नंतर सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. कॅमेरा बिचारा वीतभर, तो कुणाच्या लक्षात येत नसे. चित्र काढताना घरघर ऐकू येई आणि कमरेभोवती काळं, फुगीर, वळसे घेतलेलं काहीतरी दिसे. ते मी होतो. महिन्याभरात तालुक्याला ठाऊक झालं: लोटनचा पट्टा घुरघुरला की कुणीतरी मरतं.

आता जत्रेत हजारो माणसं येतात आणि वर्षभरात त्यातली काही जाणारच. पण हिशेबाने भीती गेली असती तर भुतांनी कधीच गाव सोडलं असतं. लोटन समोरून आला की धिप्पाड पैलवान उपरण्याने तोंड झाकू लागले. पुढाऱ्यांनी सभांना बोलवायचं बंद केलं. त्यांना एरवी चित्रात यायची फार हौस. येत राहिले एकटे हिंमतराव. दर वर्षी पुढच्या सतरंजीवर बसत, रुखमाबाई मान वळवून पाही, आणि मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आत ते उठून जात. लोटनला तो तुकडा काढून टाकायचा धीर झाला नाही.

खरं दुःख लोटनच्या घरात होतं. त्याची आई कौसाबाई चित्र काढू देईना. सगळ्या मुलखाची माणसं त्याच्या डब्यांत होती, फक्त आई नव्हती. म्हातारी दर हिवाळ्यात जास्त खोकत होती, गुडघ्यांनी अधू झाली होती, आणि लोटनला एकच ध्यास लागला होता: ती आहे तोवर तिला चालता-बोलता धरून ठेवायचं.

"माय, एक पाच मिनिट उभी ऱ्हाय ना."

"नही रे भो," कौसाबाई म्हणे. "त्या रुखमीबाईले देख. पाच साल व्हयनात, तिन्हा हात आजून मोकया शे. कासारीन हात धरस, आनि तू पिच्चर बंद करी देस. मरी गयी तरी तिले बांगड्या भेटत नहीत. माले तशी आडकाडी ठेवशी का? मी मरसू, मन्ही तेरवी व्हई, लोकं लाडू खाईसन घर जातीन, आनि दर साल मी जत्रामा हिंडाले परत येसू?"

"जत्रामा नको. घरना आंगनमा काढू."

"मंग आंगनमा आडकसू."

यावर लोटन ओट्यावर जाऊन बसे, पाठ घराकडे करून. चाळिशीचा माणूस, पण आईवर रुसला की पाठ तशीच दिसते. कौसाबाई दारातून ती पाठ पाहत राही. मी खुंटीवरून दोघांनाही पाहत असे.

एके दिवशी शांतीलाल बॅटरीच्या पाण्याची बाटली घेऊन घरी आला. कौसाबाईने विचारलं, "दर सोमवारी याले पाजतस ते पानी कोनती विहीरनं शे?"

"काकी, हाई विहीरनं नही. पानी उकाडी उकाडी वाफ करतस, वाफनं परत पानी करतस. यामा काहीच ऱ्हात नही. माती नही, खार नही."

"तापीमाय बी नही?"

"ती बी नही."

"देव बी नही?"

शांतीलालने बोट वर केलं. "काकी, देव ऱ्हायना ते बॅटरी खराब व्हस."

तो हसत हसत निघून गेला. कौसाबाई हसली नाही. माझ्याकडे बघत ती पुटपुटली, "म्हनजे रिकामं घर शे हाई. रिकामा घरमा भूत नही ऱ्हाई ते काय जवाई ऱ्हाई?"

मित्रांनो, तुम्ही हसाल. पण माझ्यापुरतं पाहिलं तर तिचं फार चुकलं नव्हतं. विमानाच्या पंखात असताना मी काय काय पाहिलं होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिला वास आला होता.

देव्हाऱ्यात तिचा एक तांब्याचा गडू होता, तोंड कापडाने आणि मेणाने बंद केलेला. त्यात प्रकाशा गावच्या संगमावरचं तापीचं पाणी होतं. त्या गावाला लोक दक्षिण काशी मानतात. गुडघे धड होते तेव्हा ती स्वतः चालत जाऊन ते घेऊन आली होती. असं पाणी घरोघरी ठेवतात, शेवटच्या घटकेला तोंडात दोन थेंब घालायला. कौसाबाईने ते आपल्यासाठी राखलं होतं आणि दिवाळीच्या दिवाळी घासूनपुसून परत जागेवर ठेवत होती.

चैत्रातल्या एका दुपारी लोटन स्टेशनवर गेला होता. त्याने आदल्याच दिवशी मला काठोकाठ भरून आणलं होतं. कौसाबाईने मला खुंटीवरून काढलं, मांडीवर घेऊन बाराही बुचं उघडली आणि मला दाराबाहेर नेऊन पालथं केलं. दारात नुकताच चुना कालवलेला होता. तेजाब त्यावर पडलं आणि फसफसून पांढरा फेस उठला.

"निघना!" ती ओरडली. "निघना मेला!"

तिची बोटं भाजली. भुताने जाताजाता चावा घेतला, असं समजून तिने तूप लावलं. मग गडूचं मेण फोडलं आणि एकेका कप्प्यात तापीचं पाणी ओतत गेली, लहान लेकराला पाजावं तसं, थांबून थांबून. शेवटच्या कप्प्याला जेमतेम पुरलं. गडू तिने पुन्हा कापड बांधून देव्हाऱ्यात ठेवला. उतारा केला की मागे वळून पाहायचं नसतं आणि कुणाला सांगायचं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी जन्मात पहिल्यांदा नदी प्यालो. माझ्या पत्र्यांना त्या क्षणी काय झालं ते शांतीलाल शास्त्राने सांगेल. मला एवढंच कळलं की आतली घरघर थांबली, आणि खूप दूर कुणीतरी काठावर कपडे आपटतंय असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "लोटन, चाल. काढ मन्हं पिच्चर."

लोटन उडालाच. मला बांधलं, कॅमेरा घेतला, अंगणात आला. बाजेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या. ठरलं असं की तिने दारातून निघून बाजेपर्यंत यावं आणि बिबड्यांवरचा कावळा हाकलावा. तिने नवं लुगडं नेसलं होतं.

"आधी पाया पड," ती म्हणाली.

"माय, पट्टा बांधेल शे. सांडी जाई."

"सांडू दे."

कितीतरी वर्षांनी तो मला बांधून वाकला. माझ्या बुचांतून थेंब गळले, नेमके तिच्या पावलावर. लोटनने घाबरून धोतराच्या सोग्याने ते पुसले. "भाजनं का? माय, भाजनं का?"

"थंडगार शे," कौसाबाई म्हणाली, आणि हसली.

लोटनला नवल वाटलं असणार. पण आई मन बदलेल या भीतीने त्याने बटण दाबलं.

माझ्याजवळ काय उरलं होतं? पत्र्यांच्या छिद्रांत मुरून राहिलेलं कालचं थोडंसं तेजाब. तेवढं मी सगळं दिलं. ती दारातून निघाली, कॅमेरा नीट फिरला. ती अर्ध्या अंगणात आली आणि माझा दम तुटू लागला. घरघर खाली उतरली, जड झाली, आणि तिने कावळ्यावर हात उगारला त्या क्षणी मी थांबलो. थांबलो तो कायमचाच.

"झायं?" तिने विचारलं.

"झायं, माय," लोटन खोटं बोलला.

शांतीलालने पिचकारी लावून पाहिलं. तरंगता खुंटा तळाशी जाऊन बसला. "लोटन, यामा तेजाब नहीच शे. कोनी नदीनं पानी भरं?"

"तुन्हाच बाटलीनं शे ते!" लोटन कडाडला. "जित्ती बॅटरी मारी टाकी तू. मन्ही मायनं पिच्चर गयं."

बत्तीस वर्षांची दोस्ती त्या दुकानात तुटली. ट्रकच्या बॅटऱ्या खदखदायच्या थांबल्या नाहीत, पण ऐकत होत्या. घरी लोटन दोस्ताला शिव्या देई आणि कौसाबाई मान खाली घालून भाकरी थापे. सांगितलं तर उतारा फुकट जातो.

त्या पावसाळ्यात ती गेली. श्वास लागला, शेजारच्या बायका जमल्या, कुणी म्हणालं, "पानी आन रे, तापीनं पानी." लोटनने देव्हाऱ्यातला गडू उचलला. तो हलका लागला. कापड सोडलं, उपडा केला. एक थेंब पडला नाही. त्याने आईकडे पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं. तिने डोळे खुंटीकडे वळवले, माझ्याकडे.

लोटन उठला. माझं एक बूच उघडून त्याने बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आंबट, आणि त्याच्या खाली नदीचा गाळ. त्याने बूच परत लावलं. शेवटी शेजारणीने माठातलं पाणी चमच्याने तिच्या तोंडात घातलं. तिच्या तोंडात पडायचं पाणी माझ्या पोटात होतं, तेजाबाने नासलेलं. तिच्या कामाचं नाही आणि माझ्याही नाही.

तेरावं झाल्यावर लोटन मला घेऊन शांतीलालच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिला. शांतीलाल म्हणाला, "उभा काबरं? बस. चहा लेशी?" आणि चहा झाल्यावर, माझ्याकडे पाहत: "आन तो. धोईसन नवं तेजाब भरसूत. उठना ते उठना."

"नको," लोटन म्हणाला. "जे शे ते ऱ्हाऊ दे आतमा."

दसऱ्यानंतर फिल्म धुऊन आली. लोटनने डबा उघडला नाही. मार्गशीर्षात सारंगखेड्याला तंबू लागला तेव्हा त्याने मला बरोबर नेलं आणि तंबूच्या खांबाला टांगलं. मी आता काही चालवू शकत नव्हतो. सोबतीला नेलं असावं. कौसाबाईच्या जाण्याची बातमी सगळीकडे पोचली होती. पट्ट्याने घरचीच आई खाल्ली म्हणून लोक पाहायला आले. तंबूत उभं राहायला जागा नव्हती.

आधी रुखमाबाई आली. हात पुढे केला, वळून पाहिलं, संपली. हिंमतराव उठू लागले आणि थबकले, कारण पडद्यावर एक दार दिसलं.

कौसाबाई दारातून निघाली. अधू गुडघ्यांनी, नेहमीसारखी, लंगडत. मित्रांनो, कॅमेरा मंद फिरला की पडद्यावरचं माणूस मात्र भरभर चालतं, आणि प्रत्येक चित्रावर ऊन जास्त वेळ पडून ते उजळत जातं. हे मला नंतर शांतीलालच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा आम्ही एवढंच पाहिलं की अर्ध्या अंगणात म्हातारीची चाल वाढली. मग ती झपाझप चालू लागली. मग पळू लागली.

"कौसामाय पयी ऱ्हायनी!" कुणीतरी ओरडलं आणि सगळा तंबू हसला.

तिचं लुगडं उजळलं, अंगण उजळलं, बाज दिसेनाशी झाली. ती दहा वर्षांच्या पोरीसारखी उड्या मारत कावळ्यावर धावली, हात उंच केला, आणि त्या हातापासून सगळं पांढरं होत गेलं. पडद्यावर नुसता उजेड राहिला. तिथे कुणी नव्हतं. हसू कधी थांबलं ते कळलं नाही. बाहेर एक घोडा खिंकाळला.

लोटन प्रोजेक्टरवर हात ठेवून बसला होता. त्याने आईला धरून ठेवायला कॅमेरा लावला होता आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत निसटली होती. तो रडत होता, पण मला वाटतं, थोडा हसतही होता.

हिंमतराव त्याच्याजवळ आले. म्हणाले, "लोटन, तुन्ही माय सुटनी रे. मन्ही रुखमीले बी आते जाऊ दे."

लोटनने कात्रीने तो तुकडा कापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उपरण्याच्या टोकाला बांधला. तंबूच्या फटीतून मला दिसलं: ते बांगड्यांच्या दुकानापाशी थांबले, हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि नदीकडच्या वाटेने गेले.

त्यानंतर मी खुंटीवरच आहे. कधी कधी माझ्या आत कुणीतरी पळाल्यासारखं वाटतं. पाल असेल.

मित्रांनो, निरोप घेताना माझ्यासारख्याने काही मागायची रीत आहे, म्हणून मागतो. बॅटरीला बॅटरीचंच पाणी द्या, देवाचं देऊ नका. तिला हळूहळू भरा, आणि रिकामी झाली म्हणून कोपऱ्यात फेकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हाच नियम लागू आहे, असं शांतीलाल बोट वर करून सांगतो. आणि उद्या कुणी मला भंगारात काढलंच, तर शिसं घ्या, कातडं घ्या, माझी तक्रार नाही. आतलं पाणी तेवढं गटारात ओतू नका. ते माझं नाही.